मुलाखतीला निघालो गाद्यांच्या टेम्पोतून

मुलाखतीला जायचे असेल तर माणसाने गुपचूप जावे. अंगात रोजचा शर्ट असावा, हातात पिशवी असावी आणि जिन्यात कोणी विचारलेच तर "बल्ब आणायला चाललोय" असे सांगून सटकावे. नोकरी लागली तर लोकांना आपोआप कळते. नाही लागली तर येताना खरोखरच एक बल्ब घेऊन यावा, घरात बल्ब कधी वाया जात नाही. हे शहाणपण मला आता सुचते आहे. वेळेवर सुचले असते तर छातीवर "माल : गाद्या" असा पास लटकवून मी तीन साहेबांसमोर बसलो नसतो.

झाले असे, की आमची पंख्यांची कंपनी बंद पडली. मी तिथे तक्रार विभागात होतो. उभी हयात लोकांचे "पंखा फिरत नाही", "फिरतो पण वारा येत नाही", "वारा येतो पण शेजारी झोपत नाहीत" हे ऐकण्यात गेली. कंपनी बंद पडल्यावर फोन थांबले. घरातही मला कोणी तक्रार सांगेनासे झाले, इतकी माझी किंमत उतरली. अर्ज पुष्कळ केले. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच आले नाही. एका ठिकाणाहून आले, त्यात माझ्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा होत्या. पन्नाशीच्या माणसाला असल्या शुभेच्छा देणारा नक्की पंचविशीचा असणार.

अशात मेहुणा पुढे सरसावला. त्याचे गाद्यांचे दुकान आहे. घरी येऊन, पाय पसरून बसत तो म्हणाला, "भावोजी, पहिल्या तारखेपासून दुकानात या. काम काही नाही, नुसतं बसायचं. गिऱ्हाईक आलं की गादी दाबून दाखवायची."

आता हा मेहुणा म्हणजे कोण? आमच्या लग्नात हा अर्ध्या चड्डीत होता. त्याला सायकल शिकवताना सीट धरून मी गल्लीभर धावलो आहे, आणि तो पडल्यावर त्याच्या आईची बोलणीही मीच खाल्ली आहेत. तो आता गल्ल्यावर बसणार आणि मी गिऱ्हाइकापुढे गाद्या दाबणार. वर हा लोकांना सांगणार, "आमचे भावोजी. घरी रिकामेच होते, म्हटलं बसू दे." ते "बसू दे" मला झोपेत ऐकू येऊ लागले. बायको मात्र या विषयावर चकार शब्द बोलेना. भाऊ बोलत होता तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालीत होती आणि त्याला खाली सोडून आल्यावरही घड्याच घालीत राहिली. शेवटी बहीण भावाचीच, असा निष्कर्ष मी काढला आणि तिच्याशी मनातल्या मनात अबोला धरला. तो तिच्या लक्षात आला नाही.

आणि तेवढ्यात वॉशिंग मशीनच्या एका कंपनीतून फोन आला. त्यांना तक्रार विभागाला प्रमुख हवा होता. गुरुवारी मुलाखत. शुक्रवारी पहिली तारीख. म्हणजे माझ्या आणि गाद्यांच्या मध्ये हा एकच गुरुवार उभा होता.

आमची पहिली चूक कोटाची. माझ्याकडे लग्नातला कोट आहे, पण तो आणि मी आता वेगवेगळ्या दिशांनी वाढलो आहोत. म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांकडे गेलो. त्यांना सगळी बिल्डिंग साहेब म्हणते. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी साहेब म्हणण्याजोगे काम उरलेले नाही, पण बिल्डिंग सवय मोडत नाही.

"कोट कशाला?" साहेबांनी विचारले.

मी "एका ठिकाणी जायचंय" म्हणालो. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मुलाखत," ते म्हणाले. "मी आयुष्यभर मुलाखती घेतल्यात. माणूस दारातून आत आला की ओळखायचो."

ते खरेच असेल. त्यांनी असे ओळखून घेतलेल्या एका कॅशियरला पुढे बँक कित्येक वर्षे शोधत होती, असे त्यांच्याच पत्नी सांगतात. पण कोट त्यांचा होता. "कोट देईन, पण तयारी माझ्याकडून करून घ्यायची," अशी अट त्यांनी घातली आणि मी ती मान्य केली.

साहेबांचा आवाज मोठा. समोरच्या घरात शिकवणीवाल्या बाई राहतात, त्या दार उघडून थेट आतच आल्या. बाईंनी निम्म्या शहराला दहावी पास करून दिले आहे आणि कोणताही प्रश्न हा परीक्षेतलाच असतो अशी त्यांची श्रद्धा आहे. "प्रश्न काहीही असू दे," त्या म्हणाल्या, "उत्तर चार मुद्द्यांत आणि शेवटी समारोप. मुद्दे पडले की मार्क पडतात." साहेब म्हणाले, "मुद्दे राहू द्या. आधी नजर. मुलाखत घेणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं." बाई म्हणाल्या, "छे, डोळ्यांत पाहिलं की पाठ केलेलं विसरतं. दोन भुवयांच्या मध्ये पाहायचं." घरी आलो तर मुलगी, जी स्वतः एका ऑफिसात काम करते आणि म्हणून या विषयावर तिचाच शब्द अखेरचा, म्हणाली, "बाबा, कुठेही बघा, पण हसत बघा." मग डोळे, भुवया आणि हसू ही तिन्ही खाती एकाच वेळी सांभाळण्याचा सराव मी आरशापुढे केला. बायको मागून गेली आणि "दात दुखतोय का?" म्हणाली.

सगळ्यांत बिकट प्रश्न दोषांचा. "तुमचा एखादा दोष सांगा," असे हल्ली विचारतात म्हणे. आमच्या वेळी मुलाखतीत माणसाचे दोष झाकण्याची रीत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, दोष असा सांगायचा की ऐकणाऱ्याला तो गुणच वाटला पाहिजे. म्हणायचं, मला कामाशिवाय राहवतच नाही." हे उत्तर सर्वानुमते मंजूर झाले.

मंगळवारी संध्याकाळी रंगीत तालीम ठरली. साहेबांच्या घरी रंगकाम चालू होते, म्हणून सोसायटीच्या मीटिंगची खोली उघडली. ती खोली उघडली की लोकांना वाटते मीटिंग आहे, आणि मीटिंग म्हटली की लोक येतात. टेबलामागे साहेब आणि बाई बसले. समोर स्टुलावर मी, साहेबांच्या कोटात. साहेब उंच, त्यामुळे बाह्या माझ्या बोटांपर्यंत येत होत्या. मागे बघता बघता बिल्डिंग जमली. बायकोही हातातले काम टाकून येऊन बसली.

"तुमचा एखादा दोष सांगा," साहेबांनी घोगऱ्या आवाजात विचारले.

"मला कामाशिवाय राहवतच नाही," मी हसत, भुवयांच्या मध्ये पाहत म्हणालो.

मागून बायको हसली. ती मोठ्याने हसत नाही, पण तेव्हा हसली. आणि मग तिला थांबवेना. "अहो, बाथरूमचा नळ गळतोय तो गेल्या हिवाळ्यापासून," ती म्हणाली. "रोज म्हणतात, उद्या बघतो."

"नळावरून आठवलं," तळमजल्यावरचे शिंपीकाका उठले, "गच्चीच्या टाकीचं काय झालं? यांनीच जबाबदारी घेतली होती."

"आणि जिन्यातला दिवा," कोणीतरी म्हणाले.

माझ्या दोषांची यादी टाकी, दिवा, गेट आणि पार्किंग अशा मार्गाने पुढे सरकत राहिली. थोड्या वेळाने साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि "एकेक करून बोला" असे सांगून रीतसर मीटिंगच सुरू केली. गच्चीच्या टाकीचा ठराव पास झाला. माझ्या मुलाखतीतून सोसायटीचे तीन प्रश्न सुटले, मी मात्र दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचलोच नाही. उठताना बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "ढ मुलंही कधी कधी निघतात पास."

बुधवार अनुभवाच्या दाखल्यात गेला. नव्या कंपनीने तो बरोबर आणायला सांगितले होते, म्हणून मी जुन्या कंपनीत गेलो. दारावर सील, आणि सीलाशेजारी खुर्ची टाकून एक सरकारी बाबू बसले होते. बंद कंपनीची मालमत्ता जाग्यावर आहे ना, हे पाहण्याची त्यांची नेमणूक होती.

"दाखला मिळेल," बाबू म्हणाले. "पण कंपनीच्या छापील कागदावर हवा."

"मग द्या ना छापील कागद."

"तो आतल्या कपाटात आहे. कपाटाला सील आहे."

"सील उघडता येत नाही का?"

"येतं की. अर्ज करायचा. छापील कागदावर."

मी तक्रार विभागातला मुरलेला माणूस. समोरच्याचा दोष नाही हे मला ऐकताक्षणी कळते, आणि तेच फार त्रासाचे असते. बाबू मनाने चांगले होते. माझा चेहरा पाहून त्यांना कणव आली आणि ते म्हणाले, "तुम्हाला अगदी रिकाम्या हाताने पाठवत नाही. माझ्या अधिकारात एक दाखला आहे, तो देतो." त्यांनी तो लिहिला, शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला. कंपनी बंद असल्याचा दाखला होता तो.

गुरुवारी सकाळी बायको म्हणाली, "कारखाना गावाबाहेर आहे. भावाला सांगितलंय, तो तिकडेच गाद्या पोचवायला चाललाय. टेम्पोतून सोडील." मी नको म्हणणार होतो, पण अबोला आड आला. मनातल्या मनातल्या अबोल्याची हीच गैरसोय असते.

टेम्पोत मेहुणा खुशीत होता. "मुलाखत उरकली की असेच दुकानात जाऊ," तो म्हणाला. "उद्यापासून बसायचंच आहे, तर आज जागा बघून घ्या." म्हणजे निकाल त्याने लावून टाकला होता. पुढच्या सीटवर पावत्यांचा खोका होता, म्हणून मी मागे गाद्यांना टेकून बसलो. उतरलो तेव्हा साहेबांच्या काळ्या कोटावर पांढरा कापूस असा पसरला होता की मीच एखादी उसवलेली गादी वाटत होतो.

गेटवरच्या पहारेकऱ्याने टेम्पोकडे पाहिले, मग माझ्याकडे. "गाडीत काय आहे?"

"गाद्या. पण मी मुलाखतीला आलोय."

"गाडीत गाद्या असतील तर मागचं गेट."

"अहो, गाद्या बाहेरच राहतील. मी एकटा आत जाणार."

"गाडीतून आलात ना? मग गाडीबरोबरच जायचं."

मागच्या गेटवर माल उतरवून घेणारा कारकून बसला होता. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मालाचा रकाना भरल्याशिवाय पासच छापला जात नसे, आणि "उमेदवार" हा माल त्याच्याकडे नव्हता. मुलाखतीची वेळ होत आली होती. "लिहा काहीही," मी म्हणालो. माणसाने कधी कोणाला "काहीही" लिहायला सांगू नये. त्याने पास माझ्या गळ्यात अडकवला, मागे हमालांना खूण केली आणि मी धावत सुटलो.

मुलाखतीच्या खोलीत तिघे होते. मधोमध लॅपटॉप उघडून तरुण साहेब, कारभार पाहणारे. त्यांच्या उजवीकडे माणसे भरती करणाऱ्या बाई. आणि खिडकीपाशी साध्या शर्टातले एक वयस्क गृहस्थ, पेनची कळ दाबत बसलेले. ते माझ्याकडे बघतही नव्हते. ओळख करून देताना बाई म्हणाल्या, "हे आमचे मोठे साहेब, कंपनीचे संस्थापक. ते फक्त ऐकायला बसलेत." मग त्यांची नजर माझ्या छातीवर गेली. "गाद्या?" त्या म्हणाल्या.

"ती एक वेगळी हकिगत आहे," मी म्हणालो, हसत, भुवयांच्या मध्ये पाहत. बाई किंचित मागे सरकल्या.

"स्वतःबद्दल सांगा," तरुण साहेब म्हणाले. मी चार मुद्द्यांना हात घातला. पहिला सांगितला, दुसरा सांगितला, आणि तिसरा डोक्यातून पार गेला. म्हणून चौथा सांगून समारोप केला. "तिसरा राहिला," बाई म्हणाल्या. त्या ऐकत होत्या, हे मला अनपेक्षित होते. "तिसरा मुद्दा," मी म्हणालो, "माझा साधेपणा. तो मी सहसा सांगत नाही."

"बरं, तुमचा एखादा दोष?"

"मला कामाशिवाय राहवतच नाही."

"मग गेले सहा महिने काय केलंत?" तरुण साहेबांनी विचारले.

या प्रश्नाची तयारी आमच्या अख्ख्या बिल्डिंगने केलेली नव्हती. तेवढ्यात बाईंनी अनुभवाचा दाखला मागितला, आणि मी शिक्का असलेला तो कागद पुढे केला. त्यांनी वाचला, उलटून पाहिला. "हा कंपनी बंद असल्याचा दाखला आहे."

"हो. तेवढाच मिळाला."

तरुण साहेब खुर्चीत मागे रेलले. "तुम्ही तक्रार विभागात होतात आणि कंपनी बंद पडली. म्हणजे तक्रारी सुटत नव्हत्या, असंच ना?"

मला हे लागले. खरेच लागले. माझ्या कामाबद्दल मला आजवर कोणी असे बोलले नव्हते. हसू, भुवया, मुद्दे, सगळे गळून पडले, आणि मी घरी बोलतो तसा बोलू लागलो.

"नाही साहेब," मी म्हणालो. "शेवटच्या वर्षी तर तक्रारी कमी झाल्या होत्या. मला तेव्हाच धडकी भरली. तक्रार करणारा माणूस अजून आपला असतो, त्याला वाटतं तुम्ही दुरुस्त कराल. ज्यानं तक्रार सोडली तो दुसऱ्याचा पंखा घ्यायला गेलेला असतो. मी वर कळवलं. वरून उत्तर आलं, तक्रारी घटल्या, अभिनंदन."

खिडकीपाशी पेनची कळ थांबली.

"ठीक आहे," तरुण साहेब सावरून बसले. "एक प्रसंग देतो. मी चिडलेला ग्राहक आहे. मला हाताळा." आणि ते एकदम ओरडू लागले. मशीन बंद आहे, कंपनी चोर आहे, पैसे परत द्या. चांगली दोन मिनिटे ओरडले. मी ऐकून घेतले.

"साहेब," मी म्हणालो, "तुमचं मशीन बिघडलेलं नाही."

"म्हणजे?"

"ज्याचं खरंच बिघडतं तो असा नेटका बोलत नाही. तो घरी पाहुणे आलेत, पोराचा गणवेश भिजून पडलाय, इथून सुरुवात करतो. मशीनपर्यंत यायला त्याला वेळ लागतो."

तरुण साहेब काही बोलणार, तोच खिडकीकडून आवाज आला. "माझं बिघडलंय."

मोठे साहेब खुर्ची ओढून टेबलाशी आले. "घरातलं. आपलंच बनवलेलं. आमची ही गुडघे धरून फरशी पुसते रोज. महिना झाला, खालून पाणी येतंय. मी आपल्याच नंबरवर फोन लावला. नाव सांगितलं नाही, म्हटलं बघू. तर रेकॉर्डवरची बाई म्हणते, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आणि पेटी वाजायला लागली. ती चाल मला आता पाठ आहे. परवा अंघोळ करताना मी तीच गुणगुणत होतो."

"आणखी काही?" मी विचारले.

"नंतर तक्रारीचा नंबर दिला. दुसऱ्या वेळी फोन केला तर म्हणे हा नंबर बंद केला, काम पूर्ण झालं. माझ्या बाथरूमात तळं साचलंय आणि यांचं काम पूर्ण झालं."

"आणखी काही?"

माझा असा अनुभव आहे, की खरी तक्रार पहिल्या दोन दमांत बाहेर येत नाही. मोठ्या साहेबांनी टेबलाकडे पाहिले, मग तरुण साहेबांकडे बोट केले. "हा माझा मुलगा. याला घरी जेवताना सांगितलं. तर म्हणाला, बाबा, ईमेल करा. एका टेबलावर बसून बापानं पोराला ईमेल करायचा?"

तरुण साहेबांचे कान लाल झाले. बाई छताकडे पाहू लागल्या. ही जागा फार वाईट. बापाची बाजू घ्यावी तर मुलगा नोकरी देणार नाही आणि मुलाची घ्यावी तर बाप देऊ देणार नाही. दोघेही माझ्याकडे पाहत होते. अशा वेळी मी एकच करतो, बाजू घेत नाही, तक्रार घेतो.

"धाकट्या साहेबांचं चुकलं नाही," मी मोठ्या साहेबांना म्हणालो. "नोंद नसली तर तक्रार हरवते. पण फरशी पुसणाऱ्या बाईंना ईमेल दिसत नाही, तेव्हा तुमचंही बरोबर आहे. आज माणूस येईल असं मी म्हणणार नाही, कारण तो येईल का मला माहीत नाही. उद्या सकाळी तुमच्या घरी मी स्वतः फोन करीन. माणूस येणार असेल तर कधी ते सांगीन. येणार नसेल तर तेही सांगीन. पण पेटी वाजणार नाही."

"उद्या?" मोठे साहेब म्हणाले. "तुम्ही इथे कामाला कुठे आहात?"

"ते तुम्ही ठरवायचं," मी म्हणालो. "तक्रार मात्र मी घेतली आहे."

बाईंनी घसा खाकरला. "खरं तर," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडच्या मशीनचं दार उघडत नाही. शनिवारपासून माझे कपडे आत आहेत." मी त्यांनाही "आणखी काही?" म्हणालो, आणि त्यांचेही आणखी बरेच होते. तरुण साहेब आता लॅपटॉपमध्ये पाहत होते. त्यांनी तो मिटला आणि विचारले, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

"फोनवरची ती चाल कोणी निवडली?"

"मी."

"चाल छान आहे," मी म्हणालो. "फक्त ती लोकांना पाठ होऊ नये, एवढं आपण बघू."

"आपण" म्हणालो हे मला उशिरा कळले. मोठे साहेब मात्र हसले, आणि मुलाने त्यांच्याकडे पाहिले तेव्हा तोही हसला. दोघांना एका वेळी हसताना बाई बहुधा पहिल्यांदाच पाहत होत्या. मला बाहेर बसवून त्यांनी आपसात ठरवले आणि परत बोलावून सांगितले, सोमवारपासून या. मोठ्या साहेबांनी घरचा नंबर दिला. "फोन मात्र उद्याच करा," ते म्हणाले.

मी तरंगत मागच्या गेटला आलो, तर मेहुणा टेम्पोला टेकून जमिनीकडे बघत उभा. टेम्पो रिकामा. मी आत असताना हमालांनी पासाप्रमाणे सगळ्या गाद्या उतरवून घेतल्या होत्या, आणि आत गेलेला माल लेखी परवानगीशिवाय बाहेर निघत नाही असे कारकून सांगत होता. मी पुन्हा आत जाऊन परवानगीचे बोलणे केले, तर सही करणारा अधिकारी जेवायला गेलेला. परवानगी उद्या मिळेल, असे कारकून म्हणाला. मेहुण्याला मी नोकरीचे सांगितले. तो "बरं झालं" म्हणाला, पण तोंड एवढेसे करून.

घरी पोचलो तर जिन्यातच बिल्डिंग जमलेली. पुढे मेहुणा चढत होता, मान खाली घालून. त्याचा चेहरा पाहताच सगळे समजून चुकले. मी मागून तोंड उघडणार, तोच वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी माझा हात हातात घेतला. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "मी म्हणतच होतो, डोळ्यांत पाहा. या बाईंनी तुम्हाला भुवयांत पाहायला लावलं."

"माझं नाव कशाला?" शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या. "मुद्दे मी दिले, पण तुमच्या त्या ढगळ कोटात कोण मार्क देणार? आणि दोष सांगायची कल्पना माझी नव्हती, हे मी सगळ्यांसमोर सांगते."

"मी फक्त हसा म्हणाले होते," मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. "बाबा असे हसतील हे मला काय माहीत?"

शिंपीकाकांनी कोटाच्या बाह्या आपण आखूड करून दिल्या असत्या, पण आपल्याला कोणी विचारलेच नाही, हे दोनदा सांगितले. मी मध्ये बोललो नाही. लोकांना पुरते बोलू देणे हा माझा धंदाच आहे, आणि इतक्या आनंदाने तो मी आजवर केला नव्हता. एकेकाने माझ्या मुलाखतीशी आपला काडीचा संबंध नसल्याचे शपथेवर सांगून संपवले, तेव्हा मी म्हणालो, "नोकरी लागली. सोमवारपासून. तक्रार विभागाचा प्रमुख."

मग साहेब म्हणाले, "डोळ्यांत पाहिलंत ना शेवटी." बाई म्हणाल्या, "मुद्दे पडले की मार्क पडतातच." आणि त्यांचा नवा वाद सुरू झाला, तो आधीच्यापेक्षा मोठा होता.

मेहुणा मात्र आमच्या दारातल्या पायरीवर बसून राहिला. आता मला त्याचे वाईट वाटले. "गाद्या उद्या सोडवून देतो," मी म्हणालो.

"गाद्यांचं नाही हो, भावोजी," तो म्हणाला. "उद्या पहिली तारीख. दुकानात माणूस कुठून आणू?"

"तुला मी काय सांगितलं होतं?" दारात उभी असलेली बायको म्हणाली.

मेहुण्याने मान आणखी खाली घातली. "ताईनं सांगितलं होतं मला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी तुम्हाला दुकानात या म्हणालो ना, त्याच दिवशी खाली सोडायला आली तेव्हा म्हणाली, दुसरा माणूस बघून ठेव, ह्यांना नोकरी लागणार आहे. तेव्हा तर तुम्हाला कुठून बोलावणंसुद्धा आलं नव्हतं. मला वाटलं, बहीण आहे, बोलायचं म्हणून बोलते."

मी बायकोकडे पाहिले. डोळ्यांत पाहायचे की भुवयांच्या मध्ये, हे या वेळी मला आठवलेही नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला काय सांगायचं त्यात?" ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊकच असेल ना."

मला ठाऊक नव्हते. जिने माझी कधी मुलाखत घेतलीच नाही, तिने मला केव्हाच पास करून टाकले होते, आणि मी मात्र तिच्यावर रुसून बसलो होतो. बाहेर जिन्यात माझ्या यशाचे अजून वाटप चालले होते. मी आत गेलो, हातपाय धुतले, ताठ मानेने जेवायला बसलो आणि दोनदा वाढून घेतले.